अक्काचा राहिलेला सीन

अंबड,
२६ नोव्हेंबर

प्रिय शांतवन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र दोन दिवस दुकानातल्या टेबलावर तसंच ठेवशील, हे मला ठाऊक आहे. शाळेचा निकालसुद्धा तू असाच उशीखाली दडवून झोपायचास आणि सकाळी आई तो काढून वाचायची. आता आई नाही, तेव्हा तुलाच उघडावं लागेल. येत्या जानेवारीत आपण एकमेकांशी न बोलल्याला नऊ वर्षं होतील. मी भांडायला लिहीत नाही, एवढं आधीच सांगते. भांडायचं बळच उरलं नाही मला.

माझं म्हणशील तर बरं चाललं आहे. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, पण लोक अजून दारात येऊन ‘सिस्टर, जरा बीपी बघा’ म्हणतात आणि मी बघते. गुडघ्यांनी संप केला आहे. दोन जिने चढले की मधल्या पायरीवर बसून घ्यावं लागतं. कारखाना सुरू झाल्यापासून अंकुशनगरकडे जाणारे उसाचे ट्रॅक्टर दिवसभर दारावरून जातात, एकेकाची गाणी अख्ख्या गल्लीला ऐकू येतात. दुपारी डोळा लागत नाही. नुसती पडून असते. आईचं शेवटचं वर्ष आठवतं, ती अशीच पडून असायची आणि आपल्याला वाटायचं, म्हातारी झोपली.

पण मुद्द्याचं सांगते. मी सिनेमात काम करते आहे. हस खुशाल. आमच्या चर्चच्या पाळकांची मुलगी अर्पिता संभाजीनगरला सिनेमाचं शिकते, तिनं तरुण संघाला हाताशी धरून अर्ध्या तासाचा सिनेमा काढायला घेतला आहे. आजीपासून नातवापर्यंत सगळ्या घरानं सोबत बसून बघावा, कुणाला मान खाली घालायला लागू नये, आणि बघून झाल्यावर क्षमेविषयी चार गोष्टी मनात राहाव्यात, असं तिचं म्हणणं. पोरगी गुणाची आहे. पण गोष्ट तिनं कुठून घेतली, ते ऐक. गेल्या उपासकाळात, ईस्टरच्या आधी, स्त्रियांच्या सभेत मी साक्ष दिली होती. तुला माहीत आहे आपल्याकडे साक्ष कशी असते. कुणी उठून आजार सांगतं, कुणी दारुड्या नवऱ्याचं सांगतं, आणि सगळ्या जणी डोळे पुसतात. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहून सांगितलं की माझ्या सख्ख्या भावानं आईला माती देताना माझी वाट पाहिली नाही, तरी मी त्याच्यासाठी रोज प्रार्थना करते. बायका खूप रडल्या. अर्पिता मागच्या बाकावर बसून वहीत लिहून घेत होती.

तर सिनेमाची गोष्ट तीच. आई वारते, भाऊ बहिणीची वाट न पाहता माती देऊन टाकतो, बहीण येते तोवर कबर भरलेली असते, बहीण अनेक वर्षं झुरते आणि शेवटी त्याच कबरीपाशी त्याला क्षमा करते. भाऊ तिच्या पाया पडतो. नावं बदलली आहेत, पण अंबडपासून हसनाबादपर्यंत आपल्या माणसांत ही गोष्ट कुणाची, हे न कळणारं कुणी नाही. बहिणीचं काम मीच करावं असा सगळ्यांचा हट्ट. एकवीस डिसेंबरला नाताळच्या कार्यक्रमात पडद्यावर दाखवणार आहेत आणि हसनाबादच्या चर्चमधल्या मंडळीला खास निमंत्रण आहे. म्हणजे तुझ्या शेजारपाजारचे, ज्यांच्या विहिरीवरच्या मोटारी तू वाइंडिंग करून देतोस ते, सगळे बसून बघणार, आणि बघून झाल्यावर तुझ्याकडे बघणार. सगळा सिनेमा झाला आहे. फक्त शेवटचा सीन राहिला आहे, माझ्यामुळे.

तो सीन पाळकांच्या परसात लावला होता. खऱ्या कबरस्तानात कॅमेरा नको, असं चर्चच्या पंचांनी ठरवलं, मग मेथीचा एक वाफा उपटून तिथं मातीचा ढीग केला आणि वर लाकडी क्रूस रोवला. पाळकीणबाई मेथीसाठी हळहळत होत्या. कॅमेरा बुद्धभूषणचा. इथल्या तीन तालुक्यांतली लग्नं तो शूट करतो. आपला नाही, विहारात जाणारा आहे, पण अर्पितानं विचारल्यावर पैसे न घेता आला. मी मूठभर माती कबरीवर टाकायची, वळायचं, भावाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचं, ‘जा, मी तुला क्षमा केली.’ बस. पाच शब्द. सतरा वेळा घेतलं. कधी मी भलतीकडेच बघायचे, कधी ट्रॅक्टर जायचा, कधी मूठ उघडायचीच राहायची. बुद्धभूषण म्हणाला, लग्नात नवरी रडायला याच्यापेक्षा जास्त वेळ घेते, अक्का, तुम्ही निवांत करा. सगळे माझ्याशी फार हळुवार बोलत होते. बिचारीला जुनी जखम आठवते, असं त्यांना वाटत होतं.

भावाचं काम कल्याण करतो. कारखान्यात नोकरीला आहे, पथनाट्यं केलेला माणूस, आपल्या धर्मातला नाही. पाळी संपवून तसाच मळीच्या वासाच्या कपड्यात यायचा. सतराव्या खेपेनंतर सगळे चहाला थांबले तेव्हा तो माझ्याजवळ खाली मातीत बसला. मला वाटलं, माझ्या चुका काढतो की काय. तर म्हणाला, “अक्का, एक विचारू का? ह्या माणसानं बहिणीची वाट काऊन न्हाई पाह्यली? ते कळलं तर मला उभं राहायला सोपं जाईल.” मी अर्पिताकडे बघितलं. तिनं वही चाळली आणि म्हणाली, कारण असं काही लिहिलेलं नाही, तो स्वभावानं कठोर आहे असं धरा. कल्याणनं मान हलवली, पण त्याला ते पटलं नाही. तो म्हणाला, “आईचं सगळं करणारा माणूस आहे ह्यो. काहीतरी झालं असंल.”

शांतवन, नऊ वर्षांत हा प्रश्न कुणीही विचारला नव्हता. पाळकांनी नाही, पंचांनी नाही, बायकांच्या सभेनं नाही. जो आपल्या दोघांनाही ओळखत नाही, त्या माणसानं विचारला. मी चहाचा कप तिथंच ठेवला आणि चक्कर येते म्हणून घरी आले. त्यालाही आता दहा दिवस होतील. अर्पिता रोज येऊन तब्येत विचारते.

त्या दिवसाचं लोकांना जे माहीत आहे, ते एवढंच. पोलिओचा रविवार होता. आई सकाळी अकराच्या सुमाराला गेली. तू तीनदा फोन लावलास, माझा फोन पिशवीत, पिशवी बूथच्या टेबलाखाली. दोन वाजता मी बघितलं. जालन्यात गाडी बदलून हसनाबादला पोचेतो पाच वाजले होते. तुम्ही कबरस्तानातून परत निघाला होतात. वाटेत, सगळ्या गावासमोर, मी पिशवी टाकून दिली आणि ओरडले की तू माझी वाटसुद्धा पाहिली नाहीस, माझ्या हातची मूठभर मातीसुद्धा आईला मिळू दिली नाहीस. तू माझ्याकडे बघितलंस. नुसतं बघितलंस. तुझ्या नखांत ओली माती होती. मग तू खाली बघितलंस आणि काहीही बोलला नाहीस. लोकांनी त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला.

त्यानंतर तुझं काय झालं, ते मला तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. पंचांत तुझं नाव येणार होतं, ते मागं पडलं. चर्चमध्ये पेटी वाजवणं तू सोडलंस. वडिलांनी तुला मांडीवर घेऊन शिकवलेली पेटी, ती आता कापड घालून ठेवली आहे म्हणतात. आणि तू प्रभुभोजन घेत नाहीस. भाकर आणि प्याला पुढं आला की मान हलवून पुढच्याकडे देतोस. भावाबहिणीत वैर असताना त्या मेजाशी जाऊ नये, असं आपल्याला लहानपणी शिकवलेलं. तू ते पाळलंस. मी पाळलं नाही. मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पांढरी साडी नेसून जाते आणि घेते. मला कुणी अडवलं नाही, कारण अन्याय माझ्यावर झालेला.

गेल्या महिन्यात तुझी बेबीनंदा मला अंबडच्या स्टँडवर भेटली. कोर्टात तिच्या भावाचं काहीतरी काम होतं म्हणून आली होती. मला बघून तिनं तोंड फिरवलं असतं तरी चाललं असतं, पण तिनं पाया पडून हालहवाल विचारली, पिशवीतून पेरू काढून दिले. मला बसमध्ये चढवून देताना हात धरून म्हणाली, “अक्का, नऊ वर्सं व्हायला आले. त्याह्यनं पेटीला हात लावला न्हाई. रात्रंदिवस मोटारीच्या तारा गुंडाळून राह्यले. आता तरी माफ करून टाका.” मी बरं म्हणाले. गाडी सुटली आणि मला कळलं की तिला काही माहीत नाही. तू तिलासुद्धा सांगितलं नाहीस. ज्या बाईनं आईचं गू-मूत काढलं, आपल्या नवऱ्याला दगडाचा म्हणतात ते ऐकून घेतलं, तिलासुद्धा तू कळू दिलं नाहीस.

म्हणून आता लिहिते. तुला माहीत असलेलंच लिहिते, पण एकदा ते माझ्या अक्षरात असू दे. आदल्या दिवशी, शनिवारी, दुपारी तुझा फोन आला होता. मी लसीच्या पेट्यांत बर्फ भरत होते. तू म्हणालास, “अक्का, आईचे पाय गार पडून राह्यले. श्वास बी थांबून थांबून घेऊन राह्यली. तू जल्दी ये.” मी तीस वर्षं नर्सची नोकरी केलेली. गार पाय आणि थांबून थांबून येणारा श्वास म्हणजे काय, हे तुला ठाऊक नसेल, मला पक्कं ठाऊक होतं. आणि मी म्हणाले, “मी येत न्हाई. तिसऱ्यांदा बोलावून राह्यलास. माझी वाट पाहू नका. काही झालं तर उरकून घ्या.”

उरकून घ्या. आईला. हे शब्द मी बोलले, मीच. तू बरं म्हणालास. तू लहानपणापासून अक्का सांगेल ते ऐकत आलास, तेही ऐकलंस.

का बोलले, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं आहे. त्याआधी दोनदा तू बोलावलंस, दोन्ही वेळा मी रजा टाकून धावत आले आणि दोन्ही वेळा आई उठून बसून भाकरी खात होती. साहेब वाटेल तसं बोलले होते. हे सगळं खरं आहे, पण हे कारण नाही. कारण असं की आई माझ्याकडे राहिली नाही. माझ्याकडे पंखा, पलंग, नळ, सगळं असून तिचा जीव तुझ्या दोन खोल्यांत. मी गेले की मला म्हणायची, बेबीनंदाच्या हातची भाकरी खाऊन बघ. मी गावोगावच्या म्हाताऱ्यांचे पाय दाबत फिरले आणि माझ्याच आईला माझ्या हातचं गोड लागलं नाही. ते मी मनात धरून बसले होते. त्या शनिवारी ते तोंडातून निघालं.

आणि दुसऱ्या दिवशी गावासमोर तुला बोलले, ते मुद्दाम बोलले असं समजू नकोस. तुम्हाला माती देऊन परत येताना बघितलं आणि भान सुटलं. पण नंतर? पहिलं वर्षभर मी रोज धास्तीत होते की आज शांतवन सांगेल, उद्या सांगेल. पाळकांची गाडी दारात थांबली की मी मागच्या खोलीत जाऊन बसायचे. तू सांगितलं नाहीस. मग धास्ती गेली आणि त्याचीच सवय झाली. लोक सांत्वन करत गेले, मी करून घेत गेले. सांगून सांगून मलाच ते खरं वाटायला लागलं. साक्ष दिली तेव्हा त्या फोनची आठवणसुद्धा झाली नाही, इतकी मी पक्की झाले होते. प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की मात्र माझा आवाज आपोआप खाली जायचा. तेवढंच काय ते जिवंत राहिलं होतं.

थकले रे. गुडघ्यांनी नाही, ह्यानं थकले. तू गप्प राहून जे उचललंस, ते तुझ्यासाठी जड असेलच, पण ते दुसऱ्याच्या डोक्यावर टाकून मजेत हिंडणं हेही काही हलकं नाही. मला तुझा रागसुद्धा येतो कधीकधी. एकदा चारचौघांत माझा हात धरून म्हणाला असतास, अक्का, तूच नाही का म्हणालीस, तर मी त्याच दिवशी रडून मोकळी झाले असते. पण आपली चूक पकडून द्यायचं कामसुद्धा धाकट्या भावानंच करावं, ही कसली अपेक्षा. हेही मला आता कळतं.

काल संध्याकाळी अर्पिता आली, तिला मी सगळं सांगितलं. तुझ्याआधी तिला सांगितलं, याबद्दल रागावू नकोस. आधी एकदा उच्चारता येतं का, ते मला बघायचं होतं. पोरगी बराच वेळ वहीच्या कडा दुमडत बसली. मला वाटलं, सिनेमा गेला म्हणून रडते की काय. मग म्हणाली, “अक्का, मंग आपण चुकीच्या माणसाला क्षमा करून राह्यलो.” मी हो म्हणाले. सिनेमा थांबवा, असं मी सांगून टाकलं. ती म्हणाली, थांबवत नाही, शेवटचा सीन तुम्ही म्हणाल तसा करते, कल्याणभाऊंना कारणही मिळेल. मी तिला म्हटलं की जे कॅमेऱ्यासमोर करायचं, ते आधी घरी करून येऊ दे. ते झालं नाही तर मी पडद्यावर दिसणार नाही आणि ही गोष्टही दिसणार नाही. तिनं मान्य केलं. जाताना दाराशी थांबून तिनं विचारलं की तुम्ही शांतवनमामांना फोन का करत नाही. फोनवर मी काय बोलते, ते तुला ठाऊकच आहे.

म्हणून हे पत्र, शांतवन. सात डिसेंबरला, पहिल्या रविवारी, मी सकाळच्या पहिल्या गाडीनं निघून हसनाबादला येते आहे. प्रभुभोजनाच्या आधी मंडळीत उभं राहून मला त्या शनिवारचा फोन सांगायचा आहे, जसा झाला तसा, बेबीनंदाला पुढच्या बाकावर बसवून. त्यानंतर लोक मला काय म्हणायचं ते म्हणोत. पण त्याच्याही आधी कबरस्तानात जायचं आहे. आईला माझ्या हातची माती द्यायची राहिली आहे आणि तुझी क्षमा मागायची राहिली आहे. तू क्षमा करशीलच असं मी धरून चाललेले नाही. नाही केलीस तरी मी मंडळीत सांगणारच आहे. फक्त तिथं एकटीनं जायचं मला बळ नाही. गाडी साडेनऊपर्यंत पोचते, ऊस-ट्रॅक्टरांच्या गर्दीत उशीरही होईल, दहाही वाजतील, साडेदहाही. तू स्टँडवर ये. नऊ वर्षांपूर्वी जे सांगितलं, ते आज परत घेते. या वेळी माझी वाट पाहा.

तुझीच,
अक्का